झाकण उघडण्याचा हक्क

विक्रोळी हे उपनगर कारखान्याच्या पाळ्यांवर वाढले. पूर्वेस ठाण्याच्या खाडीकाठची तिवरे, पश्चिमेस पार्कसाइटची टेकडी आणि मध्ये गोदरेज आणि बॉइस कंपनीची विस्तीर्ण वसाहत, अशा या भूभागात टर्नर, फिटर, वेल्डर, टूलमेकर यांच्या एकामागून एक पिढ्या नांदल्या. कन्नमवार नगर आणि टागोर नगर येथील गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत त्यांचे संसार उभे राहिले. ज्या कंपनीने १८९७ साली लालबागेत कुलुपांपासून आरंभ केला होता, तिने स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागणाऱ्या लाखो पोलादी मतपेट्या याच विक्रोळीत घडवल्या, आणि १९५५ साली संपूर्ण देशी बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र बाजारात आणले. या यंत्राचा मी येथे मुद्दाम उल्लेख करतो. त्याचे झाकण उचलले की कळेखालची तरफ, तरफेला जोडलेला दांडा, दांड्याच्या टोकावरचे अक्षर आणि त्या अक्षरापुढे सरकणारी शाईची फीत, हा सारा कार्यकारणभाव उघड्या डोळ्यांना दिसत असे. न्यायालयांच्या आवारात किंवा कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात बसणारा टंकलेखक अडलेली कळ स्वतःच्या बोटांनी मोकळी करून पुन्हा अर्जाच्या मसुद्याकडे वळत असे. २००९ मध्ये त्या यंत्राचे उत्पादन थांबले. त्याबरोबर कळ आणि तिचे कार्य यांचा डोळ्यांना दिसणारा संबंधही आपल्या घराघरांतून नाहीसा झाला, आणि त्याची हळहळ फारशी कोणी व्यक्त केली नाही.

आज विक्रोळीतल्या मुलांच्या बोटांखाली त्यांच्या आजोबांच्या बोटांखाली होत्या त्याहून कितीतरी अधिक कळा आहेत. मोबाइल, रिमोट, कीबोर्ड, खेळाचा कंट्रोलर या सगळ्यांच्या कळा दिवसभर दाबल्या जातात. परंतु त्यांतील बहुतेक वस्तूंची झाकणे एकतर डिंकाने चिकटवलेली असतात किंवा साध्या पेचकसाला दाद न देणाऱ्या स्क्रूंनी आवळलेली असतात. झाकण निघालेच तरी आतल्या चिपमध्ये कोणती आज्ञावली बसवली आहे, कळ दाबल्यावर नेमका कोणता निर्णय कोण घेतो, हे जाणून घेण्याची मुभा विकत घेणाऱ्याला नसते. ज्या वस्तीने देशाला कुलुपे आणि तिजोऱ्या पुरवल्या, त्या वस्तीच्या नव्या पिढीला स्वतःच्या हातातल्या वस्तूची किल्ली मिळाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि ती मिळवण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत सुलभ, स्वस्त आणि आनंददायक मार्ग म्हणजे मुक्त फर्मवेअर वापरून स्वतःच्या हाताने आर्केड खेळाचा कंट्रोलर बांधणे, हे मला या लेखात सांगावयाचे आहे.

आर्केड हा शब्द ज्यांना परका वाटेल त्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांतली मुंबईची व्हिडिओ गेम पार्लरे आठवावीत. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने ‘स्पेस इनव्हेडर्स’ काढला, १९९१ साली कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर टू’ आला, आणि या खेळांची उभी कपाटे जगातल्या अनेक महानगरांप्रमाणे आपल्याकडेही गाळ्यागाळ्यांतून मांडली गेली. त्या कपाटाच्या पुढच्या फळीवर डाव्या बाजूस एक दांडी आणि उजव्या बाजूस गोल बटणे, ‘स्ट्रीट फायटर’साठी तीन ठोशांची आणि तीन लाथांची, अशी मांडणी असे. पार्लरच्या मालकाकडे कपाटाची किल्ली असे, आणि एखादे बटण निकामी झाले की तो ती फळी उचलून आतला मायक्रोस्विच बदलत असे. हे काम भोवती उभी असलेली मुले डोळे भरून पाहत असत, आणि घरातल्या मोठ्यांच्या दृष्टीने वाया चाललेल्या त्या वेळात विद्युत्‌मंडलाचा एक पाठ त्यांच्या पदरात पडत असे. या पार्लरांची थोरवी मी उगाच वाढवून सांगत नाही. लाहोरच्या अर्सलान सिद्दीक या तरुणाने २०१९ साली जपानमधली आणि अमेरिकेतली अशा दोन्ही ‘इव्हो’ स्पर्धा ‘टेकन ७’ या खेळात जिंकल्या, तेव्हा त्याच्यासारखा खेळाडू जिथे घडला ती पाकिस्तानातली गल्लीबोळांची पार्लरे एकाएकी जगाच्या दृष्टीस पडली. आपली पार्लरे मोबाइलच्या आगमनाने बंद पडली, आणि त्यांच्यासोबत ती उचलता येणारी फळीही गेली.

ही फळी आता घरी बांधता येते. तिच्या मध्यभागी असते ती रास्पबेरी पाय पिको नावाची, एक्कावन्न मिलिमीटर लांब आणि एकवीस मिलिमीटर रुंद अशी छोटीशी पाटी, जी जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलर किमतीला बाजारात आली आणि आज आपल्याकडेही काही शे रुपयांत मिळते. तिच्यावरच्या आरपी-२०४० या मायक्रोकंट्रोलरमध्ये दोन गाभे आणि २६४ किलोबाइट स्मृती आहे. पाटीच्या दोन कडांना मिळून चाळीस पिना असून त्यांपैकी सव्वीस पिना आपल्या इच्छेप्रमाणे वापरता येतात. दांडी आणि बटणे जपानच्या सानवा किंवा सेइमित्सू कंपन्यांची घेतली तर उत्तम, नाहीतर त्यांच्याच मापाची चिनी घेतली तरी शिकण्याच्या कामाला पुरतात. साधे मायक्रोस्विच, तारा, लग आणि सोल्डर यांसाठी ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉक्टर दादासाहेब भडकमकर मार्गावर, एक चक्कर मारली की भागते. मोठ्या बटणांचा व्यास तीस मिलिमीटर असतो. पातळ पत्र्याची किंवा अ‍ॅक्रिलिकची फळी असेल तर दाबून बसणारी बटणे घ्यावीत, प्लायवूड असेल तर खालून नट आवळता येणारी घ्यावीत; ही निवड आधी न करता भोके पाडली तर फळी फुकट जाते. विक्रोळीतल्या ज्या घरात एके काळी टूलरूममध्ये काम केलेले आजोबा आहेत, त्या घरातल्या मुलाने भोकांच्या केंद्रबिंदूंची आखणी त्यांच्याकडूनच शिकावी. कारण बटणांमधले अंतर हाताच्या पंजाच्या नैसर्गिक वळणानुसार ठरवणे हे संगणकाचे काम नसून डोळ्याचे आणि हाताचे आहे.

विद्युत्‌जोडणी इतकी साधी आहे की ती पाहून प्रथम अविश्वास वाटावा. प्रत्येक बटणाला दोन टोके असतात. त्यांपैकी एक टोक एकाच तारेने सर्व बटणांतून ओवत नेऊन पाटीच्या ग्राउंडला जोडावयाचे, आणि दुसरे टोक त्या बटणासाठी राखलेल्या पिनेला. पिन एरवी उच्च दाबावर धरलेली असते. बटण दाबले की ती ग्राउंडला टेकते, दाब शून्यावर येतो, आणि चिपला कळते की अमुक बटण दाबले गेले. दांडीच्या खालच्या अंगाला चार दिशांचे चार स्विच असतात, आणि कर्णदिशा म्हणजे शेजारच्या दोन स्विचांचे एकाच वेळी मिटणे, याहून अधिक गूढ त्यात काही नाही. हे सर्व झाल्यावर पाटीवरचे पांढरे बूटसेल बटण दाबून धरून ती संगणकाला जोडली की पडद्यावर ती एखाद्या पेन ड्राइव्हसारखी उमटते; तिच्यावर फर्मवेअरची एक फाइल ओढून टाकली की पाटी क्षणभर नाहीशी होते आणि कंट्रोलर होऊन परत येते.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच वास करणारी आज्ञावली, जी तारेतून येणारा विद्युत्‌संकेत आणि पडद्यावरचे पात्र यांच्यामधल्या सर्व व्यवहाराची सूत्रे चालवते. या कामासाठी आज सर्वाधिक वापरले जाणारे फर्मवेअर जीपी-२०४०-सीई या नावाचे असून त्यातली शेवटची दोन अक्षरे समुदायाची आवृत्ती असे सांगतात. मूळ प्रकल्पावरून स्वयंसेवकांनी ते पुढे नेले आहे, आणि त्याची संपूर्ण संहिता एमआयटी परवान्याखाली जगासाठी खुली आहे. हा परवाना म्हणजे जेमतेम काही परिच्छेदांचा दस्तऐवज, पण त्यातली तरतूद एखाद्या जुन्या सनदेसारखी उदार आहे. संहिता वापरावी, तिची नक्कल करावी, तीत फेरफार करावेत, फेरफारासह विकावी सुद्धा. फक्त मूळ कर्त्यांच्या हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा, आणि दोष निघाल्यास त्यांच्यावर दावा लावू नये. कीबोर्डांसाठी असलेल्या क्यूएमके या मुक्त फर्मवेअरचा परवाना, जीपीएल, याहून कडक आहे. तो सांगतो की, ही आज्ञावली सुधारून दुसऱ्याला देणाऱ्याने सुधारित संहिताही द्यावी, म्हणजे जे सर्वांच्या श्रमाने वाढले ते पुन्हा एकाच्या मक्त्यात जाणार नाही. दोन्ही परवान्यांमागे न्यायाची दोन वेगळी दर्शने आहेत, आणि व्यक्तिशः माझा कल दुसऱ्याकडे आहे. परंतु विक्रोळीतला एखादा मुलगा ही दोन्ही कलमे वाचून आपले मत बनवू शकतो, ही गोष्ट मला त्या मतापेक्षाही मोलाची वाटते.

मुक्त संहितेतून काय शिकता येते याचे एक उदाहरण विस्ताराने सांगण्याजोगे आहे. बटण दाबले असता आतल्या धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, असे आपण समजतो. वस्तुतः त्या टेकून उसळतात, पुन्हा टेकतात, पुन्हा उसळतात, आणि काही सहस्रांश सेकंदांनंतर स्थिर होतात. मनुष्याच्या दृष्टीने हा अवधी शून्यवत् आहे. परंतु सेकंदाला एक हजार वेळा संकेत तपासणाऱ्या यंत्राला ते एकाच दाबाऐवजी चार-पाच दाब वाटू शकतात. म्हणून फर्मवेअरने ही उसळण गाळली पाहिजे. पहिला बदल दिसल्याबरोबर तो मान्य करून नंतर थोडा वेळ कान बंद ठेवायचे, की संकेत स्थिर होईपर्यंत वाट पाहून मगच तो मान्य करायचा? पहिल्या मार्गाने वेग मिळतो, दुसऱ्याने खात्री. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राचा अवधी सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद असतो, तेव्हा वाट पाहण्यात पाच सहस्रांश घालवणे म्हणजे त्या अवधीचा जवळजवळ एक तृतीयांश गमावणे होय. धातूचा स्वभाव, काळाचे मोजमाप आणि निर्णयाची किंमत हे तीन विषय एका बटणाच्या दाबात एकत्र येतात. आणि संहिता उघडी असल्याने विद्यार्थी तो आकडा स्वतः बदलून, परिणाम आपल्या अंगठ्याने अनुभवून, पुन्हा बदलू शकतो. पाठ्यपुस्तकात स्विचची आकृती काढून चार गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला हे ज्ञान कधी लाभत नाही, कारण कागदावरचा स्विच उसळत नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न दिशांचा आहे. दांडी एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे झुकू शकत नाही. परंतु अलीकडे दांडी काढून टाकून चारही दिशांसाठी बटणेच बसवलेले कंट्रोलर लोकप्रिय झाले आहेत, आणि त्यांवर डावे व उजवे बटण एकदम दाबणे सहज शक्य आहे. अशा वेळी यंत्राने खेळाला काय कळवावे? दोन्ही रद्द समजावे, आधी दाबलेले मान्य करावे, की नंतरचे? वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नाच्या उत्तराने स्पर्धेतला जय-पराजय फिरू शकतो, कारण शेवटचे बटण मान्य करणाऱ्या यंत्रावर खेळाडू मागची दिशा दाबून ठेवूनच पुढे जाऊ शकतो आणि पुढचे बटण सोडताच त्याचा बचाव आपोआप उभा राहतो. म्हणून कॅपकॉमने २०२३ मध्ये आपल्या अधिकृत स्पर्धांसाठी कंट्रोलरांचे नियम घालताना या प्रश्नाची दखल घेतली. आणि कीबोर्डांत अशीच सोय विकली जाऊ लागल्यावर व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या आपल्या अधिकृत सर्व्हरांवर तिला मनाई केली. मुक्त फर्मवेअरमध्ये हे सर्व पर्याय एका यादीत मांडलेले असतात, प्रत्येकाचे कार्य संहितेत वाचता येते, आणि ब्राउझरमधल्या एका साध्या पानावरून आपण निवड करतो. बंद कंट्रोलरात हीच निवड कारखानदाराने आपल्या वतीने करून टाकलेली असते, आणि ती केली गेली हेसुद्धा खेळणाऱ्याला ठाऊक नसते. यंत्रे आपल्यासाठी किती निर्णय घेतात आणि ते कोणी ठरवलेले असतात, हे समजण्यासाठी चौदा वर्षांच्या नागरिकाला यापेक्षा बिनधोक्याचा आणि यापेक्षा मूर्त धडा मला तरी सुचत नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मग अडचण कोणती. बांधावे आणि खेळावे. अडचण दारावर आहे. संगणकाशी हा घरगुती कंट्रोलर निर्वेधपणे बोलतो, परंतु प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांसारखी यंत्रे जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक कंट्रोलरकडे गुप्त सांकेतिक दाखला मागतात, जो केवळ कंपनीचा परवाना असलेल्या उत्पादकालाच मिळतो. दाखला नसलेला कंट्रोलर प्लेस्टेशन ४ वर सुमारे आठ मिनिटे चालतो आणि मग तोडला जातो. एक्सबॉक्सवर तर मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ पासून अनधिकृत जोडसाधनांना बंदी घातली. कंपन्यांचे म्हणणे असे की, यामुळे स्पर्धेत फसवणूक करणाऱ्या उपकरणांना आळा बसतो. ते म्हणणे सर्वस्वी खोटे नाही, कारण अशी उपकरणे खरोखरच विकली जातात. परंतु चोराच्या भीतीने सर्व गावाला दाखला सक्तीचा करावयाचा आणि तो दाखला देण्याचा अधिकार एकाच व्यापाऱ्याच्या हाती ठेवावयाचा, ही पद्धत कोणत्याही सुराज्यात मान्य होण्यासारखी नाही. ज्याने रोख पैसे मोजून यंत्र विकत घेतले त्याने त्याला कोणती कळ जोडावी हे विक्रेत्याने ठरवावे, तर मग मालकी या शब्दाचा अर्थ काय राहिला? केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण दुरुस्तीच्या हक्काच्या चर्चेत शेतीची यंत्रे, मोबाइल, मोटारी आणि घरगुती उपकरणे येतात, जोडणीचा हक्क येत नाही. बटण तुटले तर सुटे भाग मिळावेत, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. स्वतःचे बटण बनवून जोडता यावे, ही मागणी दुरुस्तीच्या हक्काच्या याच चर्चेत शिरली पाहिजे.

आता खेळाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न. आपल्या शिक्षणव्यवस्थेत व्हिडिओ गेम म्हटले की कपाळाला आठी पडते, आणि त्या आठीमागे पालकांची खरी काळजी आहे, हे मी नाकारत नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी अनेक घरे उद्ध्वस्त केली. त्यांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तो मला आवश्यक वाटतो. परंतु त्याच कायद्याने ई-क्रीडेला वेगळे काढून प्रोत्साहनाची तरतूद केली आहे. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ई-क्रीडेला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत अधिकृत स्थान मिळाले होते, आणि २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत तिच्यासाठी पदकेही होती. राज्याने केलेला हा भेद घराघरांत पोहोचलेला नाही. शिवाय, मी येथे खेळण्याची नव्हे तर खेळण्याचे साधन घडवण्याची शिफारस करीत आहे. आणि साधन घडवणाऱ्या मुलाचे चित्त पडद्याकडून फळीकडे, फळीकडून तारेकडे आणि तारेकडून संहितेकडे वळते, हे ज्याने एकदा पाहिले त्याला वेगळा पुरावा लागत नाही.

या विद्येचा आणखी एक उपयोग आहे, जो माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ आहे आणि ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. ज्याच्या हाताची बोटे सुटी हलत नाहीत, ज्याला सेरेब्रल पाल्सी आहे किंवा अपघातानंतर ज्याचा एकच खांदा हलतो, अशा व्यक्तीला बाजारातला नेहमीचा कंट्रोलर परका असतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, त्याच्या मागच्या अंगाला छिद्रांची रांग ठेवली आणि प्रत्येक छिद्रात हवा तो स्विच जोडण्याची सोय केली, त्याबद्दल त्या कंपनीचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु तत्त्व तेच आहे, एक स्विच, एक पिन, एक ग्राउंड. आणि ते काही शे रुपयांच्या पाटीवर तितक्याच निष्ठेने चालते. तळपायाने दाबता येईल एवढे मोठे बटण, हनुवटीने ढकलता येईल अशी दांडी, कोपराने हलवता येईल अशी पट्टी, यांपैकी जे त्या एका देहाला साधेल ते बनवता येते. मुक्त फर्मवेअरमध्ये पिनांची वाटणी हवी तशी फिरवता येत असल्याने उद्या त्या व्यक्तीची हालचाल बदलली तर साधनही बदलते. आणि तेच साधन कीबोर्ड म्हणून स्वतःची ओळख संगणकाला देऊ शकते, तेव्हा खेळासाठी बांधलेल्या बटणाने अक्षर लिहिता येते आणि पान उलटता येते. मुंबईत १९७२ साली स्थापन झालेली आणि आज अ‍ॅडॅप्ट या नावाने चालणारी पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी, तसेच हाजीअलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, अशा ठिकाणी या साधनांची गरज रोजची आहे. विदेशातून मागवलेले साधन मोडले की ते महिनोन्‌महिने पडून राहते. विक्रोळीतल्या मुलाने बांधलेले साधन मोडले तर तो संध्याकाळी येऊन तार जोडून जाईल.

हे सर्व घडवण्यासाठी लागणारी सामग्री आपल्या हाताशी आहे, एवढेच नव्हे तर तिच्यावर सरकारी खजिन्यातून खर्चही झालेला आहे. नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन मोहिमेने २०१६ पासून देशभर दहा हजार शाळांत टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या केल्या. प्रत्येक शाळेला वीस लाख रुपयांपर्यंतचे अनुदान आणि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, त्रिमित मुद्रणयंत्र हाताळण्याची संधी, अशी ती योजना. यांतल्या बऱ्याच प्रयोगशाळांतून दर वर्षी तेच तीन-चार प्रकल्प प्रदर्शनात मांडले जातात, हे मी खेदाने म्हणतो: आपोआप पेटणारा दिवा, अडथळा ओळखणारी गाडी, कुंडीतल्या मातीचा ओलावा सांगणारा काटा. प्रदर्शन संपले की ते कपाटात जातात, कारण ते रोज वापरावेत अशी कोणाची गरज नसते. कंट्रोलर मात्र बांधणारा स्वतः वापरतो, रोज वापरतो, त्यातला दोष त्याच्या अंगठ्याला त्याच दिवशी कळतो, आणि तो दोष काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. विद्यार्थ्याला आपल्या कामाकडे परत परत ओढून आणणारी ही शक्ती दुसऱ्या कोणत्या प्रकल्पात आहे?

विक्रोळीला तर याहूनही मोठे भाग्य लाभले आहे. टेकडीपलीकडे पवईत १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी उभी आहे. तिच्या फॉसी प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे, आणि स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लहान लहान ध्वनिचित्रपाठ तयार करून त्यांची भाषांतरे मराठीसह अनेक भारतीय भाषांत केली आहेत. जीपी-२०४०-सीई किंवा क्यूएमके यांच्या माहितीपत्रकाचा असाच एक मराठी पाठ तेथे तयार झाला, तर मराठी माध्यमातल्या मुलाची अर्धी भीती जाईल. कारण त्याला अडवते ती तार नव्हे, तारेविषयी लिहिलेली इंग्रजी असते. मुलुंडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स आणि फिटर या विद्या स्वतंत्र वर्गांत शिकवल्या जातात. फळी एकाने कापावी आणि तारा दुसऱ्याने जोडाव्यात, असा एक संयुक्त प्रकल्प प्राचार्यांच्या संमतीने एका सत्रात बसवता येईल. निवृत्त कारागिरांना, ज्यांचे अनुभव आज सकाळच्या फेरफटक्यापुरते उरले आहेत, मानधन देऊन शनिवारी दुपारी शाळेत बोलवावे. आणि पहिल्या सत्रात मुलांनी स्वतःसाठी कंट्रोलर बांधला की दुसऱ्या सत्रात त्यांना आसपासच्या विशेष शाळेत न्यावे, एका मुलाच्या हाताचे माप घेऊ द्यावे, आणि त्या हाताला साधेल असे साधन बांधायला सांगावे.

यासाठी लागणारा निधी अल्प आहे. वीस विद्यार्थ्यांच्या गटाला पाट्या, स्थानिक बनावटीचे मायक्रोस्विच, प्लायवूड आणि तारा यांचा जो खर्च येईल तो प्रयोगशाळेच्या चालू वर्षाच्या अनुदानातून सहज भागू शकतो. नवी मंजुरी, नवी समिती, नवा शासन निर्णय यांची आवश्यकता नाही. मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे प्रस्ताव ठेवावा, आणि त्या प्रस्तावात ‘खेळाचा कंट्रोलर’ हे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘इनपुट उपकरण’ किंवा ‘मानव-यंत्र संवाद साधन’ असे काही भारदस्त नाव देऊन पालकांपासून ते झाकू नये, कारण पहिल्याच बैठकीत पालक विचारतील तो प्रश्न योग्यच असेल आणि त्याचे उत्तर मुलांनी स्वतः, आपण बांधलेली फळी उघडून दाखवून, द्यावयाचे आहे.